काळाला चुकविणारा जंतु

अहिल्यानगर जिल्ह्यांत, ज्याला २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, गोदावरीच्या कांठीं पुणतांबा हें जुनें क्षेत्र आहे. योगी चांगदेव यांची समाधि म्हणून दाखविलें जाणारें स्थान तेथें आहे. चांगदेवांविषयीं परंपरेनें सांगितली जाणारी कथा महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. ते चौदाशें वर्षें जगले, असें ती कथा सांगते. शंभर वर्षें भरत आलीं आणि काळ दाराशीं येऊन उभा राहिला, कीं ते प्राण ब्रह्मांडीं चढवून समाधि लावीत. काळ रिकाम्या हातीं परत जाई आणि योगीराज पुन्हां शंभर वर्षांस मोकळे होत.

काळाला चुकविण्याचें असेंच कांहीं सामर्थ्य डोळ्यांना न दिसणाऱ्या एका क्षुद्र जीवाच्याहि अंगीं आहे. तो जीव म्हणजे हिंवतापाचा जंतु. गेल्या शंभर वर्षांत मनुष्यानें त्याच्यावर एकामागून एक अमोघ म्हणून अस्त्रें सोडलीं, आणि त्यांतील बहुतेकांना त्यानें आज ना उद्यां चुकविलें. परंतु या दोन कथांत एक भेद आहे, आणि सारें मर्म त्या भेदांतच आहे. चांगदेव स्वतः वांचत. हिंवतापाचा जंतु स्वतः कांहीं शिकत नाहीं, कसली साधना करीत नाहीं. पुरेसें औषध पोंचलें कीं तो मरतो. वांचतें तें त्याचें कूळ. तें कसें वांचतें, आणि त्याला वांचविण्यांत मनुष्याचा हात किती, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

पुणतांब्याच्या परिसरापासूनच आरंभ करणें सोईचें आहे. कारण हिंवतापाला जें जें लागतें तें येथें एकत्र आलेलें दिसतें. धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला आणि हा अवर्षणाचा मुलूख दूरदूरच्या प्रांतांशीं जोडला गेला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नांदूर-मधमेश्वर येथें गोदावरीला बंधारा घालून दोन्ही तीरांवर कालवे काढण्यांत आले. जेथें बाजरीचीहि शाश्वति नव्हती तेथें उंसाचे मळे उभे राहिले; उंसामागून साखरेचे कारखाने आले आणि कारखान्यांमागून तोडणीच्या मजुरांचे तांडे. पाण्यानें मुलखाचें दैन्य फिटलें यांत शंका नाहीं. परंतु कालव्याचा पाझर, पाटाच्या कडेचीं डबकीं, चारीच्या तोंडाशीं साचलेलें संथ पाणी, हीं ॲनॉफेलिस क्युलिसिफेसीस या जातीच्या डांसाचीं आवडतीं सूतिकागृहें होत; आणि भारताच्या खेड्यापाड्यांत हिंवताप पसरविणारा मुख्य डांस तोच. पाणी डांसाला पोसतें, आणि आगगाडी रोग्याला व त्याच्याबरोबर त्याच्या रक्तांतल्या जंतूला शेंकडों मैल घेऊन जाते. या दोन गोष्टी ध्यानांत ठेवल्या म्हणजे पुढची हकीकत सहज उलगडते.

रोग मात्र कालव्यांहून फार जुना आहे. आयुर्वेदानें त्याला विषमज्वरांत गणून तृतीयक, चतुर्थक अशा त्याच्या जाती लावल्या. घरांतील वडीलधारीं माणसें दिवसाआड येणाऱ्या तापाला एकांतरा म्हणत, काडेचिराइताचा काढा देत, आणि पोटांत पांथरी वाढली म्हणजे रोग मुरला असें समजत. १८८० सालीं लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरानें अल्जीरियांत रोग्याच्या रक्तांत हा जंतु प्रत्यक्ष पाहिला, आणि १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यानें त्याचा डांसाशीं असलेला संबंध उघड केला. डांस चावला कीं जंतु रक्तावाटे यकृतांत जातो, तेथें वाढतो आणि मग तांबड्या पेशींत शिरतो. पेशींतलें हिमोग्लोबिन हें त्याचें अन्न. त्याच्या व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम या आपल्याकडील दोन मुख्य जातींत सुमारें ४८ तासांत एका जंतूपासून दहा-वीस नवे जंतु होतात. पेशी फोडून ते सारे एकदम बाहेर पडतात, तेव्हां रोग्याला हुडहुडी भरते. ही वाढ अशीच चालली तर रक्तांतील जंतूंची संख्या अब्जावधीवर जाते. या प्रचंड संख्येचें महत्त्व पुढें दिसून येईल.

या रोगावरचें पहिलें खरें औषध दक्षिण अमेरिकेंतून आलें. तिकडच्या सिंकोना वृक्षाची साल सतराव्या शतकांत युरोपांत पोंचली. १८२० सालीं पेल्लत्ये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं तिच्यांतून क्विनीन हें सत्त्व वेगळें काढलें. १८६० सालीं क्लेमेंट्स मार्कहॅम यानें सिंकोनाचीं रोपें हिंदुस्थानांत आणलीं. निलगिरींत आणि पुढें दार्जिलिंगजवळ मंगपू येथें त्यांच्या बागा झाल्या. क्विनीनच्या पुड्या टपाल कचेऱ्यांतून विकल्या जाऊं लागल्या. लोकांनीं त्याला कोयनेल म्हटलें. चवीला अतिशय कडू, घेतल्यावर कान वाजूं लागत, म्हणून तें घेण्याची टाळाटाळ होई. तथापि गुणाला तें उतरे. १९१० सालीं ब्राझीलच्या अरण्यांत रेल्वेच्या कामावर राबलेल्या मजुरांत कोयनेलाला दाद न देणारा ताप जर्मन डॉक्टरांनीं नोंदविला. परंतु अशीं उदाहरणें तुरळक राहिलीं. कोयनेल शरीरांतून लवकर निघून जातें; आणि त्या काळीं तें एकंदर रोग्यांपैकीं थोड्यांच्याच पोटांत जाई. जंतूंच्या अफाट सेनेला त्याच्याशीं सामना असा क्वचितच पडे.

हा समतोल दुसऱ्या महायुद्धानें मोडला. १९४२ सालीं जपाननें जावा बेट घेतलें, आणि जगाला बहुतेक सर्व सिंकोना पुरविणारें भांडार बंद झालें. तेव्हां कृत्रिम औषधांचा शोध नेटानें सुरू झाला. त्यांतलें श्रेष्ठ औषध खरें म्हणजे आधींच सांपडलेलें होतें. हान्स आंडरझाग या जर्मन रसायनज्ञानें १९३४ सालीं तें तयार केलें होतें. पण मनुष्याला तें बाधेल अशा समजुतीनें बाजूला ठेवण्यांत आलें. युद्धकाळांत अमेरिकनांनीं त्याची पुन्हां कसून परीक्षा केली आणि क्लोरोक्वीन या नांवानें तें जगापुढें आलें. स्वस्त, निर्धोक, तीन दिवसांत ताप उतरविणारें असें हें औषध होतें. त्याच सुमारास डी.डी.टी.चाहि उपयोग सुरू झाला. मुंबई प्रांतांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखालीं उत्तर कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून हिंवताप आटोक्यांत आणण्यांत आला, आणि देशव्यापी योजनेला त्या अनुभवाचा आधार मिळाला. भिंतीवर डी.डी.टी. आणि रक्तांत क्लोरोक्वीन, अशा दुहेरी माऱ्यापुढें हिंवताप टिकणार नाहीं अशी सर्वांची खात्री झाली.

आरंभीचें यश खरोखर डोळे दिपविणारें होतें. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरसाल साडेसात कोटि लोकांना हिंवताप होई आणि आठ लाख लोक त्यानें दगावत, असा अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय नियंत्रण योजना निघाली, १९५८ सालीं तिचें रूपांतर निर्मूलन योजनेंत झालें, आणि १९६१ सालीं नोंदलेल्या रोग्यांची संख्या पन्नास हजारांच्या आंत आली. पण पंधराच वर्षांनीं, १९७६ सालीं, तीच संख्या चौसष्ट लाखांवर गेली. या पुनरागमनाचीं कारणें अनेक होतीं. फवारणींत ढिलाई आली, साहित्य वेळेवर मिळेना, यश मिळालें असें समजून दक्षता सुटली. डांसहि बदलला होता. तेव्हां मुंबई राज्यांत असलेल्या पंचमहाल जिल्ह्यांत डी.डी.टी.ला न जुमानणारा क्युलिसिफेसीस डांस १९५९ सालींच आढळला होता. आणि इकडे जंतूचाहि पालट सुरू झाला होता.

क्लोरोक्वीनला दाद न देणारा फाल्सिपेरम जंतु १९५७ च्या सुमारास थायलंड आणि कंबोडिया यांच्या सरहद्दीवर, आणि १९६० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेंत कोलंबियांत प्रथम दिसून आला. सरहद्दीच्या त्या भागांत रत्नांच्या खाणी आहेत. तेथें परमुलखांतून मजूर येत, आजारी पडत आणि परत जात. मिठांत औषध मिसळून सर्वांना वाटण्याचे प्रयोगहि तेथें झाले. हेतु उत्तम होता. परंतु त्यामुळें असंख्य लोकांच्या रक्तांत औषधाचा अपुरा अंश सदोदित राहूं लागला. भारतांत असा जंतु १९७३ सालीं आसामच्या मीकिर टेकड्यांत, म्हणजे पुढें कार्बी आंगलाँग नांव मिळालेल्या जिल्ह्यांत, आढळला. त्यानंतर तो ईशान्य भागांतून इतरत्रहि दिसूं लागला. १९७८ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेंत पोंचला आणि तेथें त्यानें बालकांचा मोठा संहार केला. जंतूच्या गुणसूत्रांची परीक्षा करून शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें आहे कीं क्लोरोक्वीनला चुकविण्याची ही शक्ति जगांत अगदीं मोजक्याच ठिकाणीं उत्पन्न झाली, आणि तेथून प्रवाशांच्या रक्तांतून ती खंडोखंडीं पसरली. आफ्रिकेंतील जंतूचें मूळ आग्नेय आशियांत निघालें.

आतां ही शक्ति उत्पन्न कशी होते तें पाहूं. याविषयीं दोन गैरसमज सर्वत्र आढळतात. एक असा, कीं रोग्याचें शरीर औषधाला सरावतें. दुसरा असा, कीं जंतु औषधाचा अनुभव घेऊन शहाणा होतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. जंतूची वाढ होतांना त्याच्या गुणसूत्रांची नक्कल होत असते, आणि नक्कल करणाऱ्या लेखनिकाच्या हातून एखादें अक्षर चुकावें तशी त्यांतहि क्वचित् चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक असतात. पण अब्जावधि प्रतींत एखादी चूक अशी निघते कीं तिच्यामुळें औषधाचा घाव ओझरता लागावा. औषध नसतांना या चुकीचा जंतूला कांहीं लाभ नाहीं. तो इतरांच्या गर्दींत हरवून जातो. पण औषध अपुरें मिळालें म्हणजे दुबळे सारे मरतात आणि तो एकटा उरतो. रान मोकळें झालेलें असतें. शेतकरी निवडून बीं राखतो, तसें औषधच येथें निवडून बीं राखतें, आणि डांस तें पेरीत जातो.

क्लोरोक्वीनच्या बाबतींत हा डाव कसा साधला हेंहि आतां कळलें आहे. जंतु हिमोग्लोबिन पचवितो तेव्हां त्यांतून हीम नांवाचा विषारी अंश मागें राहतो. जंतु आपल्या पोटासारख्या पोकळींत त्याचे निरुपद्रवी खडे करून टाकतो. क्लोरोक्वीन त्या पोकळींत शिरून हे खडे बनूं देत नाहीं, आणि जंतु स्वतःच्याच जेवणाच्या विषानें मरतो. २००० सालीं असा शोध लागला कीं या पोकळीच्या भिंतींतील एका प्रथिनांत फरक पडला म्हणजे त्याच वाटेनें औषध बाहेर घालविलें जातें. त्या प्रथिनाच्या साखळींतील ७६ व्या जागीं लायसीनऐवजीं थ्रिओनीन येणें ही त्यांतली निर्णायक खूण होय. मात्र ही एकच चूक पुरत नाहीं. तिच्याबरोबर आणखी कांहीं फरक जुळून यावे लागतात. म्हणूनच क्लोरोक्वीन दहाबारा वर्षें निर्वेध चाललें. उलट पायरिमेथामिन या औषधाला चुकविण्याचा आरंभ एकाच चुकीनें होतो, म्हणून त्याचा प्रभाव फार लवकर ओसरूं लागला. त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन देण्यांत आलें. पण हें जोड-औषध १९६७ सालीं निघालें आणि त्याच सुमारास थायलंडांत तें निष्फळ ठरूं लागलें.

औषधाचा दीर्घ मुक्काम हाहि येथें विचारांत घेण्यासारखा आहे. क्लोरोक्वीन शरीरांत कांहीं आठवडे रेंगाळतें. ताप गेल्यावरहि त्याचा क्षीण अंश रक्तांत असतो. इतका क्षीण, कीं तो साध्या जंतूला अडवील, पण बदललेल्याला अडवूं शकणार नाहीं. त्या दिवसांत नवा डांस चावला तर रक्ताचें दार केवळ बदललेल्या जंतूलाच उघडें असतें. शिवाय ज्या प्रदेशांत लोकांना वारंवार ताप येऊन अंगीं थोडी प्रतिकारशक्ति आलेली असते, तेथें पुष्कळ जंतु औषधावांचून तसेच रक्तांत राहतात आणि साध्या जंतूंचा भरणा कायम राहतो. जेथें प्रतिकारशक्ति अल्प, तेथें प्रत्येक लागण म्हणजे ताप आणि प्रत्येक ताप म्हणजे औषध; तेथें बदललेल्या जंतूंची निवड झपाट्यानें होते. नवे प्रतिकारक जंतु आफ्रिकेआधीं आग्नेय आशियांत कां उद्भवले, याचें एक उत्तर यांत आहे.

महाराष्ट्रांतहि हा इतिहास घडला. फाल्सिपेरमचा मोठा भार गडचिरोलीच्या वनप्रदेशावर पडला, जेथें दवाखाना दूर आणि डांस जवळ. मुंबईंत १९९५ सालीं डॉक्टरांनीं त्याहून चिंताजनक नोंद प्रसिद्ध केली: सौम्य समजल्या जाणाऱ्या व्हायव्हॅक्सच्या कांहीं रोग्यांतहि क्लोरोक्वीन निष्फळ ठरलें होतें. सुदैवानें तो प्रकार फैलावला नाहीं, आणि व्हायव्हॅक्सवर तें औषध भारतांत अद्यापि दिलें जातें. फाल्सिपेरमवर मात्र टप्प्याटप्प्यानें शस्त्र बदलावें लागलें. १९८२ सालीं औषधांचें राष्ट्रीय धोरण ठरलें. प्रतिकारक जंतूंच्या भागांत प्रथम सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आलें, आणि २०१० सालापासून साऱ्या देशांत आर्टिमिसिनिनवर्गीय जोड-औषधाचा स्वीकार झाला. त्या जोडींतला जुना साथीदार ईशान्येंत दुबळा ठरला, तेव्हां २०१३ सालीं तेथें जोड बदलण्यांत आली.

आर्टिमिसिनिन हें एका चिनी वनस्पतीचें सत्त्व. तू यूयू या विदुषीनें सन १९७२ च्या सुमारास तें हातीं आणलें, आणि २०१५ सालीं तिला नोबेल पारितोषिक मिळालें. तें जंतूंना विलक्षण वेगानें मारतें, पण कांहीं तासांतच शरीरांतून निघून जातें. म्हणून उरल्यासुरल्यांचा समाचार घेण्यास दुसरें, अधिक टिकणारें औषध जोडीला देतात. एकाच जंतूच्या अंगीं दोन्ही औषधांना चुकविण्याचा गुण एकदम येणें अत्यंत दुर्मिळ. जोडीचें बळ तें यांत आहे. याच कारणास्तव आर्टिमिसिनिनच्या एकट्या गोळ्या विकण्यास भारतांत २००९ सालीं बंदी झाली. तरीहि पश्चिम कंबोडियांत, त्याच जुन्या सरहद्दीवर, या औषधालाहि सावकाश मरणारा जंतु २००८-०९ मध्यें नोंदला गेला, आणि पुढें रवांडा व युगांडा या आफ्रिकी देशांतहि तसा जंतु स्वतंत्रपणें उत्पन्न झाल्याचें आढळलें.

एवढ्यावरून निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. आफ्रिकेंतील मलावी या देशानें १९९३ सालीं क्लोरोक्वीनचा वापर थांबविला. औषधाचा धाक उठतांच बदललेल्या जंतूचें महत्त्व संपलें. कारण प्रथिनांतल्या त्या फरकाचा जंतूलाहि थोडा भार वाहावा लागतो. साध्या जंतूंनीं हळूहळू रान पुन्हां व्यापलें. बारा-तेरा वर्षांनीं मुलांवर परीक्षा घेतली तेव्हां क्लोरोक्वीन दिलेल्या ८० मुलांपैकीं केवळ एकांत तें निष्फळ ठरलें. जंतूनें मिळविलेली विद्या कायमची नसते. तिची गरज मनुष्यच त्याला लावीत असतो.

आणि ती गरज बहुधा घरांतच लावली जाते. थंडी वाजून ताप येतो. रक्त न तपासतांच ओळखीच्या दुकानांतून चार गोळ्या येतात. दुसऱ्या दिवशीं ताप उतरतो, आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेस होतील म्हणून कोनाड्यांत ठेवल्या जातात. त्या कुटुंबाच्या दृष्टीनें ही काटकसर असते. रक्तांत जो एखादा निराळा जंतु शिल्लक असेल त्याच्या दृष्टीनें तें अभयदान असतें. फाल्सिपेरमचे डांसाकडे जाणारे अंश मारण्यासाठीं प्रायमाक्वीनची जी एक मात्रा देतात, किंवा व्हायव्हॅक्सचे यकृतांत निजलेले जंतु मारण्यासाठीं तेंच औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं चौदा दिवस देतात, त्यांचा ताप उतरण्याशीं कांहीं संबंध नाहीं. म्हणूनच त्या सर्वांत आधीं सोडल्या जातात. रक्त तपासून घेणें, जें औषध ठरेल तें ठरल्या दिवसांपर्यंत घेणें, आणि घराभोवतालचें पाणी सांचूं न देणें, या तीन साध्या गोष्टींत रोग्याचें हित आहेच; पण औषधाचें आयुष्यहि त्यांतच आहे.

चांगदेवांची कथा पुणतांब्यास समाधीपाशीं संपते. ज्ञानदेव आणि मुक्ताबाई यांच्या भेटीनंतर काळाला फसविण्याचा त्यांचा अभिमान गळाला, आणि शेवटीं त्यांनीं आपण होऊन देह ठेवला, असें परंपरा सांगते. हिंवतापाच्या जंतूला असा उपदेश करणारें कोणी नाहीं. त्याच्या दाराशीं काळ पाठविण्याचें काम मनुष्यालाच करावें लागतें. आणि तो काळ अर्ध्या वाटेवरून परत आणावयाचा कीं नाहीं, हें कोनाड्यांतली उरलेली गोळी ठरविते.